गोल बुडाचे सोळा नट

ती होंडा अमेझ सोमवारी माझ्या गॅरेजला आली होती. गुरुवारी सावळेश्वरच्या टोलनाक्यावर तिच्या पुढच्या डाव्या चाकाचे चारपैकी दोन स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट, तुटले. मधल्या तीन दिवसांचा हिशोब मला अजून लागत नाही. महिना होत आला, तरी रात्री शटर ओढताना तेच डोक्यात येतं.

माझं गॅरेज सोलापुरात होटगी रोडला, आसरा चौकाच्या पुढे. २२ वर्षं झाली. इंजिन, क्लच, ब्रेक, सस्पेन्शन ही आमची कामं. टायर मी विकत नाही आणि अलाइनमेंटचं मशीनही माझ्याकडे नाही. त्यामुळे चाकाचं काम टायरवाल्याचं आणि चाकाच्या आतलं आमचं, अशी वाटणी आपोआप पडलेली आहे. सगळ्याच गॅरेजवाल्यांची पडलेली असते. या वाटणीत चाकाचा नट कुणाच्याच वाट्याला येत नाही, हे मला २२ वर्षांनी कळलं.

गाडी एका निवृत्त शिक्षकांची. वॉरंटी संपल्यापासून ती माझ्याच हाताखाली आहे. त्या सोमवारच्या पंधरा दिवस आधी सरांनी शहरातल्या एका मोठ्या टायरच्या दुकानातून चार नवे टायर घेतले आणि मुलाच्या हौसेखातर मॅकव्हील, म्हणजे अॅल्युमिनियमच्या अलॉय रिमही टाकून घेतल्या. जुन्या लोखंडी रिम दुकानदाराने ठेवून घेतल्या. जुने नट मात्र तसेच नव्या रिमना लावून दिले. ही शेवटची गोष्ट मला सोमवारी माहीत नव्हती. विचारलं असतं तर सर सांगू शकले नसते, पण एक नट काढून बघितला असता तर मला कळलं असतं.

"मिस्त्री, ८० च्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरतंय," सर म्हणाले. तोवर त्यांनी त्या दुकानाच्या तीन चकरा मारल्या होत्या. पहिल्या वेळी पुन्हा बॅलन्सिंग करून दिलं. दुसऱ्या वेळी अलाइनमेंट करून रंगीत कागद हातात ठेवला, आधीचे आकडे लाल, नंतरचे हिरवे. तिसऱ्या वेळी सांगितलं, "चाकं ओके आहेत, तुमचा लोअर आर्म गेलाय, गॅरेजवाल्याला दाखवा."

बॅलन्सिंगच्या मशीनचं गिऱ्हाइकाला कुणी नीट सांगत नाही, ते इथे सांगतो. चाक गाडीवरून उतरवून मशीनच्या दांड्यावर चढवतात आणि मधल्या भोकात शंकूच्या आकाराचा कोन घालून आवळतात. मशीन त्या कोनाच्या हिशोबाने चाक फिरवतं आणि वजन कुठे कमी आहे ते दाखवतं. शिसाचं किंवा लोखंडाचं वजन लावलं की दोन्ही बाजूंना शून्य येतं. पण ते शून्य त्या मशीनवरचं. तेच चाक गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं आणि ज्याच्याबरोबर फिरतं त्या भागावर, केसभर सरकून बसलं, तर हबला ते शून्य काय माहीत? तुम्ही दहा वेळा बॅलन्सिंग करा, दहा वेळा शून्य येईल आणि दहा वेळा स्टेअरिंग थरथरेल. सरांनी तिथे दोनदा पैसे भरले ते या शून्याचे. हिरवे आकडे तर त्याहून वाईट. ढिल्या चाकावर पट्टे बांधून केलेल्या अलाइनमेंटला काही अर्थ नसतो.

मी सोमवारी काय केलं, तेही लिहितो. जॅक लावला, चाक वर-खाली हलवलं, मग आडवं हलवलं. चाक धरणारे सस्पेन्शनचे आणि स्टेअरिंगचे भाग बघितले: लोअर आर्म ठणठणीत, बॉल जॉइंट ठीक, टाय रॉडमध्ये खेळ नाही. वर-खाली हलवताना हाताला एक बारीक 'कट्' लागलं, एकदाच. मला वाटलं बेअरिंगची सुरुवात आहे. पाना एका नटावर ठेवून दाबला, हलला नाही. बाकीच्या तिघांवर ठेवला नाही. बाहेर दोन गाड्या उभ्या होत्या, सरांनाही बँकेत जायचं होतं. "बेअरिंग वाटतंय, पुढच्या आठवड्यात सोडा," असं सांगून मी गाडी खाली उतरवली.

गुरुवारी दुपारी फोन आला. सर, त्यांच्या मिसेस आणि मागे लेक तिच्या पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन, असे पुण्याला निघाले होते. चाकाचा आवाज सोलापूरच्या कडेच्या बाळे गावाच्या पुढेच सुरू झाला होता. नव्या टायरचा असेल म्हणून सरांनी दुर्लक्ष केलं. टोलनाक्यावर रांगेत गाडी हळू झाली, तेव्हा तिथल्या एका पोराने बोनेटवर थाप मारली आणि ओरडला, "ओ मामा, चाक डुलतंय, पुढं जाऊ नका!" त्या पोराचं नाव मला माहीत नाही. टोलच्या अलीकडे गाडी ९० वर होती, असं सर नंतर म्हणाले.

मी हाताखालच्या पोराला घेऊन पोचलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. लेक आणि बाळ टोलच्या शेडमध्ये होते. चाक बघितलं. दोन नट स्टडच्या तुकड्यांसकट गायब. तिसरा दोन बोटांनी फिरत होता. चौथा घट्ट. सोमवारी मी ज्याच्यावर पाना ठेवला तो हाच असणार असं मला वाटतं, खात्री देता येत नाही. सगळे नट सारखेच दिसतात.

चाक काढलं आणि तुटलेल्या स्टडचं तोंड बघितलं. एका झटक्यात तुटलेलं लोखंड सगळीकडे सारखं खरबरीत दिसतं. याचं तसं नव्हतं. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, काळपट, त्यावर नखाच्या चंद्रकोरीसारख्या एकाआड एक बारीक रेघा, आणि शेवटी एका कडेला गव्हाच्या दाण्याएवढीच खरबरीत, चकचकीत जागा. म्हणजे हा स्टड गुरुवारी तुटलेला नव्हता. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकत, थोडा सरळ होत तो कित्येक दिवस तुटत होता. सोमवारी मी चाक हलवलं तेव्हाही तुटत होता. हाताला लागलेलं ते 'कट्' बेअरिंगचं नव्हतं.

मग उरलेला नट काढून तळहातावर घेतला. त्याचं बूड गोल होतं.

होंडा आपल्या मूळ रिमला गोल बुडाचा नट देते, अर्ध्या चेंडूसारखा, आणि रिमच्या भोकातली बैठकही तशीच वाटीसारखी असते. बाजारात मिळणाऱ्या मॅकव्हीलची बैठक निमुळती असते, नरसाळ्यासारखी. आटे दोघांचे तेच, १२ मिलिमीटर, दीडचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. १९ चा पानाही तोच. त्यामुळे गोल नट निमुळत्या भोकात मजेत जातो, नट आवळायची गन लावली की टर्रर्र आवाज करत घट्टही बसतो. पण बसतो तो फक्त एका बारीक रेघेवर. नरसाळ्यात चेंडू ठेवून बघा, कुठे टेकतो ते. रेघेवर सगळा दाब आल्याने अॅल्युमिनियम दबतं, झिजतं. केसाएवढं झिजलं तरी नटाचा ताण गेला. ताण गेला की चाक हबवर घासायला लागतं आणि मग स्टड वाकायला.

दुसरी चूकही त्याच जागी निघाली. होंडाच्या हबचा मधला ओठ ५६.१ मिलिमीटरचा. मूळ रिमचं भोक नेमकं त्याच मापाचं, त्यामुळे चाक आपोआप मध्यावर येतं. बाजारातल्या रिमचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच रिम पाच कंपन्यांच्या गाड्यांना विकता येते. ती फट भरायला प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची हब रिंग येते. ती नव्हती. रिंग नसली तरी निमुळता नट चाकाला बऱ्यापैकी मध्यावर ओढतो. इथे रिंगही नव्हती आणि नटही चुकीचा. थरथर पहिल्या दिवसापासून होती ती यामुळे.

माझ्या पोराने वाकून बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, मारुतीला पण आपण हेच नट बघतो की ओ." नाही. मारुतीचा, ह्युंदाईचा नट निमुळताच असतो. सगळा घोळ तिथेच आहे. टायरच्या दुकानात दिवसभर मारुती आणि ह्युंदाईच येतात, त्यांचे जुने नट नव्या मॅकव्हीलला चालून जातात आणि "आम्ही कायम असंच बसवतो" ही सवय पक्की होते. मग एक दिवस होंडा येते. किंवा टोयोटाची मूळ अलॉय असलेली गाडी येते, तिचे नट तर सपाट वॉशरचेही असू शकतात. बसवणाऱ्याचा हात मात्र तोच.

गाडी टो करून आणली. स्टड हबमध्ये दाबून बसवलेले असतात. हातोड्याने ठोकून काढणारेही आहेत, पण त्यात हब जातो. नकल, म्हणजे हब आणि बेअरिंग ज्यात बसतं तो भाग, उतरवून मी प्रेसवर नेला. हब एकदा दाबून काढला की बेअरिंग नवंच घालावं लागतं, म्हणजे मी सोमवारी सांगितलेलं बेअरिंग शेवटी बदललंच, भलत्या कारणाने. ती रिम भंगारात काढण्याजोगी झाली होती, चारही भोकं लांबट झाली होती. बाकीच्या तीन चाकांच्या बैठका तपासल्या. प्रत्येकात रेघ उमटलेली, पण ती चाकं वाचली. चारही चाकांना हब रिंग घातल्या, निमुळत्या बुडाचे सोळा नवे नट आणले. अख्खा सेट हजाराच्या आसपास बसला. एवढ्या पैशांची गोष्ट होती.

मग बोटांनी आटे धरवून, समोरासमोरचे नट आलटून-पालटून, चाक जमिनीवर टेकवून, ठरलेला जोर आला की 'टिक' करणाऱ्या टॉर्क पान्याने १०८ न्यूटन-मीटरला प्रत्येक नट 'टिक' होईपर्यंत. होंडाच्या पुस्तकात हाच आकडा आहे. सरांना बजावलं की १०० किलोमीटर चालवून परत या, नवीन रिमला पुन्हा बघावंच लागतं. ते ८७ ला आले.

टायरवाल्यांकडे टॉर्क पाना नसतो असं नाही. त्या दुकानातही भिंतीवर होता, मी नंतर बघितला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. पण गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं असतं आणि मालक पुढच्या गाडीला हात करत असतो. चार चाकांना पंधरा मिनिटं लागली की "लय हळू आहे तुमचं." टायरवर २०० रुपये कमी करायला अर्धा तास घासाघीस करणारा माणूस नट कसे आवळले हे बघायला कधी वाकत नाही. आणि गनने आवळलेले तेच नट रात्री मोहोळजवळ पंक्चर झालं की गाडीतल्या पान्याने पैलवानालाही सुटत नाहीत. फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या उलट बसवलेले टायर, जॅकने चेपलेला दारांखालचा पत्रा, चारही चाकांत सरसकट ४२ पीएसआयची, म्हणजे गरजेपेक्षा जास्त हवा, हे तर आम्हाला दर आठवड्याला दिसतं. त्यावर चिडून मी पुष्कळ बोललोय. या गाडीच्या बाबतीत मात्र बोलताना माझा आवाज चढत नाही, कारण सोमवारी ती माझ्या जॅकवर होती.

सरांबरोबर मी त्या दुकानात गेलो. दोन नट आणि तुटका स्टड काउंटरवर ठेवला. मालक आधी म्हणाला, गाडी खड्ड्यात आदळली असेल. मग म्हणाला, गॅरेजवाल्याने चाक खोललं होतं का? मी म्हणालो, जॅकवर घेतलं होतं, खोललं नव्हतं, आणि खोललं नाही हीच माझी चूक. यावर तो गप्प झाला. एक रिम बदलून द्यायला तयार झाला. स्टड, बेअरिंग, टोइंग यातलं काही नाही. सरांनी जास्त वाद घातला नाही. "मिस्त्री, मुलीला अजून हे सगळं सांगितलेलं नाही," एवढंच मला गाडीत बसल्यावर म्हणाले. बेअरिंगची आणि प्रेसची मजुरी मी घेतली नाही. त्यांनी दोनदा पाकीट काढलं, दोनदा मी हात जोडले.

संध्याकाळी नवी रिम घेऊन त्या दुकानातला पोरगा आला. वीस-बावीसचा, कुंभार वेशीकडचा. हीच चाकं त्याने बसवली होती. मी त्याला ओरडणार होतो. पण त्याच्या हातात नट दिला आणि जुन्या रिमच्या भोकात अंगठा घालायला सांगितलं. त्याने अंगठा फिरवला. झिजलेल्या कडेवर त्याचं नख अडकलं. मग त्याने नवा नट नव्या रिमच्या भोकात ठेवून बघितला, तो पुरा टेकला. जुना ठेवला, तो डगडगला. त्याने चार-पाच वेळा तेच केलं, एकदा हा, एकदा तो.

"दोन टाईपचे असतात हे कुणी सांगितलंच नाही ओ," तो म्हणाला. त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. त्याचा मालक काउंटरला बसतो. या पोराला काम दुसऱ्या पोराने शिकवलं आणि त्याला तिसऱ्याने.

तो दाराशी जाऊन परत आला. "अण्णा, दिवाळीपासून मी अजून दोन होंडा केल्यात. मॅकव्हील घातलेल्या. जुने नटच लावलेत."

बिलबुकं काढायला मालक आधी नाही म्हणाला, मग दोन दिवसांनी काढली. एक गाडी जुळे सोलापुरातच मिळाली. तिची चाकं मीच खोलली, नट बदलले. दुसरीच्या बिलावर फोन नंबर लिहिलेला नाही. पोराला एवढंच आठवतं की पांढरी होंडा सिटी होती आणि पासिंग केए, म्हणजे कर्नाटकचं होतं, तेव्हा विजापूरकडची असेल किंवा कलबुर्गीची. तो पोरगा आता विजापूर रोडला पांढरी सिटी दिसली की सिग्नलला जाऊन चाकाकडे वाकून बघतो. मीही बघतो. अजून ती गाडी दिसलेली नाही.