भावांचा तक्ता: सायकलीचा कोणता भाग इथून, कोणता बाहेरून

मागच्या नोंदीत नव्या सायकलीसाठी लागणारे भाग लिहून काढले होते: स्टीलची फ्रेम, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, 700 सी (रोड सायकलीच्या नेहमीच्या मापाची) चाकं, चढाला पुरेल असा ग्रुपसेट (गिअर आणि ब्रेकच्या भागांचा संच). त्यानंतर प्रत्येक भागाचा आपल्याकडचा भाव आणि परदेशी दुकानातला भाव शेजारी शेजारी मांडण्याचं काम चालू होतं. ते बरंचसं झालं आहे, फक्त चाकं राहिली आहेत. तक्ता भरताना एक गोष्ट अगदी लख्ख दिसली. एखादा भाग बाहेरून मागवणं परवडेल की नाही, हे त्याच्या किमतीपेक्षा तो किती मोठ्या खोक्यात येतो यावर जास्त अवलंबून असतं.

आधी भाव वाचण्याबद्दल, कारण तिथेच तुलना फसते. युरोपातल्या दुकानांचे भाव बहुधा मूल्यवर्धित कर धरून लावलेले असतात. तुमचा पत्ता त्या कराच्या हद्दीबाहेरचा असेल आणि दुकान निर्यातीच्या मालावर हा कर वजा करत असेल, तरच भाव कमी होतो. ब्रिटनमध्ये हा कर 20 टक्के आहे, पण तो वजा केला की भाव 20 टक्क्यांनी उतरत नाही. 120चे 100 होतात, म्हणजे उतार सुमारे 16.7 टक्के. जर्मनीच्या 19 टक्क्यांवर तो 16 टक्क्यांच्या आसपास येतो. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये कर 25 टक्के आहे, तिथे बरोबर 20 टक्के उतरतात. अमेरिकेत उलटा प्रकार. तिथला छापील भाव विक्रीकराच्या आधीचा असतो, त्यामुळे अमेरिकी आणि जर्मन भाव जसेच्या तसे शेजारी ठेवले तर अमेरिका उगाच स्वस्त वाटते. मी आता सगळे परदेशी भाव करमुक्त करूनच तक्त्यात घेते आणि विनिमय दर एकाच दिवसाचा धरते. 2024च्या उन्हाळ्यात एका डॉलरला 160 येनच्या वर दर गेला होता. अशा काळात कुठल्या दिवसाचा दर धरला यावरच जपानचा सगळा रकाना वरखाली होतो.

पैसे भरताना कार्डावर परकीय चलनाचा आकार लागतो, तो प्रत्येकाने आपापल्या बँकेत विचारून तक्त्यात टाकावा. भरणा करताना ‘तुमच्या चलनात पैसे घेऊ का’ असा पर्याय आला तर नाही म्हणा आणि दुकानाच्या चलनातच पैसे द्या. तिथला दर जवळजवळ नेहमी महाग असतो.

आता सीमाशुल्क. बहुतेक देश ते मालाची किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लावतात, आणि मग त्या सगळ्यावर देशांतर्गत कर बसतो. समजा भाग 100चा, पाठवणावळ 20. शुल्क 14 टक्के धरलं तर 120वर 16.8 आणि बेरीज 136.8. त्यावर 20 टक्के कर म्हणजे आणखी 27.36. हातात पडेपर्यंत 164च्या वर. तेव्हा बाहेर 100 आणि इथे 150 असं दिसलं तर इथला भाव स्वस्त आहे. 14 टक्के हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. युरोपीय संघ साध्या पूर्ण सायकलींवर हेच शुल्क लावतो, आणि चीनमधून येणाऱ्या सायकलींवर त्याखेरीज 48.5 टक्क्यांपर्यंत अँटी-डंपिंग शुल्क (अवाजवी स्वस्त आयात रोखण्यासाठीचं) असतं. आपापल्या देशाचा दर शोधायचा तर शुल्काच्या यादीत पूर्ण सायकल 8712 या क्रमांकाखाली सापडते आणि सुटे भाग 8714खाली. जगभर पहिले सहा आकडे सारखे असतात, त्यापुढचे देशागणिक बदलतात. सायकल आणि भाग यांचे दर वेगळे असू शकतात, म्हणून दोन्ही बघा.

लहान पार्सल शुल्काशिवाय निसटून येतं हा समज आता बाजूला ठेवायला हवा. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2018पासून कमी किमतीच्या आयातीवरही वस्तू व सेवा कर लावला. युरोपीय संघाने 1 जुलै 2021ला 22 युरोंपर्यंतची करसवलत काढली. अमेरिकेतली 800 डॉलरपर्यंतची सूट 29 ऑगस्ट 2025पासून सगळ्या देशांसाठी थांबली. जुन्या चर्चांमध्ये वाचलेला ‘मला एवढ्याला पडलं’ हा आकडा म्हणूनच आज कामाचा नाही. आणि त्या चर्चांमध्ये सतत येणारी दोन ब्रिटिश दुकानं, विगल आणि चेन रिॲक्शन, 2016मध्ये एकत्र आली आणि ऑक्टोबर 2023मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिथले भाव आठवून आजच्या दुकानदाराशी घासाघीस करणं त्याच्यावर अन्याय आहे.

कुरिअर कंपनी शुल्क तुमच्या वतीने आधी भरते आणि त्याची हाताळणी फी वेगळी लावते. ती बहुधा ठरावीक असते. त्यामुळे एकटी चेन मागवली तर फी चेनच्या जिवावर उठते. तीच फी कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच), ब्रेक पॅड, पेडल आणि दोन चेन अशा पार्सलवर वाटली गेली की टोचत नाही. मित्रमंडळींनी मिळून मागवण्यात खरा फायदा हाच आहे. शुल्क आणि कर आधीच धरून घरपोच भाव सांगणारं दुकान मिळालं तर थोडं महाग असलं तरी मी तेच निवडते, कारण त्या आकड्यावर विश्वास ठेवून तक्ता भरता येतो.

आता खोक्याकडे येऊ. हवाई कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतं. सूत्र साधं आहे: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कंपन्यांच्या हिशेबाने 5000ने भागायचं. उत्तर किलोत. सायकलीचं खोकं 140 × 80 × 20 धरा, 44.8 किलो येतात. आत सायकल नऊ-दहा किलोची असते. चाकांच्या जोडीचं खोकं 70 × 70 × 25 धरलं तर 24.5 किलो, आणि चाकं दीड-पावणेदोन किलोची. हेल्मेट 32 × 24 × 20च्या खोक्यात तीन किलोंचं होतं, प्रत्यक्षात ते तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. कॅसेटचं खोकं 18 × 18 × 8 म्हणजे अर्धा किलो, आणि कॅसेटही जवळपास तेवढीच भरते. तक्त्यात मी भाव भागिले हिशेबी वजन असा नवा रकाना केला आणि सगळे भाग त्याच क्रमाने लावले. वर आले पॉवर मीटर (पाय किती जोर लावतात ते मोजणारं यंत्र), जीपीएस संगणक, शिफ्टर (गिअर बदलायची कळ), मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग), कॅसेट, पेडल. तळाला गेली पूर्ण सायकल, चाकं, हेल्मेट आणि पंप. वरच्यांसाठी परदेशी भाव बघत राहायचा, तळच्यांसाठी इथल्या दुकानात जाऊन बोलायचं. घडी होणारे टायर आणि कपडे मधे बसतात. त्यांच्यात सेलचा हंगाम फरक पाडतो.

कॅसेटवर जरा थांबते, कारण इथे बचतही मोठी आहे आणि न जुळणारा भाग हातात येण्याची शक्यताही. आपल्या चाकाचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो भाग, कुठला आहे ते आधी पक्कं करा. शिमानो आणि स्रॅम या भाग बनवणाऱ्या कंपन्या. शिमानोचे जुना एचजी आणि मायक्रो स्प्लाइन, आणि स्रॅमचा एक्सडीआर, हे फ्रीहबचे प्रकार एकमेकांत चालत नाहीत. एचजीमध्येही रोडचा 11 गतींचा फ्रीहब 8, 9, 10 गतींच्या जुन्या फ्रीहबपेक्षा 1.85 मिलिमीटर लांब आहे. जुन्या कॅसेट लांब फ्रीहबवर स्पेसर (पातळ कडी) घालून बसतात, उलट बहुधा बसत नाहीत. आनंदाची बातमी अशी की शिमानोच्या अल्टेग्रा आर 8100 मालिकेची 12 गतींची कॅसेट 11 गतींच्या रोड फ्रीहबवर बसते, त्यामुळे ग्रुपसेट बदलताना चाकं बदलावी लागत नाहीत. माझ्या हिशेबातला सगळ्यात मोठा एकरकमी फायदा याच ओळीने करून दिला.

परदेशी दुकानात एकच भाग दोन भावांना दिसतो, त्यातला स्वस्त बहुधा कारखान्यासाठीच्या साध्या वेष्टनातला असतो. खोकं नाही, पुस्तिका नाही, कधी छोटे स्क्रू नाहीत. भाग तोच, पण वॉरंटीसाठी त्या दुकानाकडेच जावं लागतं. हा पर्याय वाईट नाही, फक्त तक्त्यात त्याची तुलना तशाच वेष्टनातल्या मालाशी व्हायला हवी. चेन आणि कार्बनचे हँडलबार मात्र ओळखीच्या, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. नकली माल याच दोन गोष्टींत फार सापडतो, आणि हँडलबार तुटला तर दात जातात.

पूर्ण सायकलीची तुलना करताना मॉडेलचं नाव पुरेसं नाही. एकाच नावाच्या सायकलीवर वेगवेगळ्या बाजारांत चाकं, क्रँक (पेडलचा दांडा), कधी ब्रेकही वेगळे येतात. मी दोन्हीकडची भागांची यादी ओळीने जुळवते आणि जो फरक निघेल त्याची किंमत भावात मिळवते. ब्रेकची बाजूही बघा. ब्रिटन, जपान आणि ऑस्ट्रेलियात पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, युरोपच्या बाकी बहुतेक भागात आणि अमेरिकेत डाव्या हाताला. तारेचे ब्रेक बदलणं सोपं आहे, पण हायड्रॉलिकच्या नळ्या अदलाबदल करायच्या तर त्या कापणं, तेल भरणं, हवा काढणं असं सगळं आलं, आणि नळ्या फ्रेमच्या आतून गेल्या असतील तर मजुरी आणखी वाढते. जर्मनीच्या कॅनियनसारख्या कंपन्या थेट ग्राहकाला विकतात म्हणून भाव कमी दिसतो, पण जुळवणी आणि पहिली सर्व्हिस आपल्यालाच बघावी लागते. स्थानिक भावात ती असते. ‘तैवानमध्ये बनते मग तिकडे स्वस्तच असेल’ हेही खरं धरू नका. जायंट आणि मेरिडा तैवानच्या असल्या तरी प्रत्येक देशातला भाव तिथला वितरक, कर आणि शिल्लक साठा यांवर ठरतो.

वॉरंटीला मी आता तक्त्यात किंमतच लावते. फ्रेमची वॉरंटी बहुधा पहिल्या खरेदीदारापुरती असते आणि जिथे घेतली तिथल्या विक्रेत्यामार्फत चालते. तडा गेलेली फ्रेम परत पाठवायची म्हणजे पुन्हा ते मोठं खोकं. लहान भागांची गोष्ट वेगळी. सप्टेंबर 2023मध्ये शिमानोने जुलै 2019पूर्वी बनवलेल्या 11 गतींच्या चिकटवलेल्या रोड क्रँकची तपासणी जाहीर केली, तेव्हा कुठला क्रँक तपासायचा हे त्याच्या आतल्या बाजूच्या दोन अक्षरी कोडवरून ठरत होतं. अशा भागाचे कोड आणि पावत्या मी जपून ठेवते, भाग कुठूनही आलेला असो.

हेल्मेटचा निर्णय सोपा. युरोपात ईएन 1078, अमेरिकेत सीपीएससी, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये एएस/एनझेडएस 2063 अशी वेगळी मानकं आहेत. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आयोजक कुठलं मानतात ते बघावं. शिवाय डोक्यावर घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. बुटांचंही तेच.

इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगची सुटी बॅटरी तक्त्यातून काढून टाकली. 1 एप्रिल 2016पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, म्हणून बरीच दुकानं त्या देशाबाहेर पाठवतच नाहीत. टायरमध्ये हवा भरायच्या सीओटू काडतुसांचाही तोच प्रश्न. या दोन्ही वस्तू इथूनच.

चाकं राहिली म्हटलं, त्यांचा विचार असा चालला आहे. तयार जोडी मागवली तर 24 किलोंचं भाडं. पण हब (चाकाचा मधला भाग) लहान, जड आणि महाग, म्हणजे तक्त्यात वर बसणारा भाग. रिम मोठी आणि तुलनेने स्वस्त. तेव्हा हब बाहेरून, रिम आणि स्पोक इथून, आणि चाक इथल्या कारागिराकडून विणून घ्यायचं, असा हिशेब मांडून पाहिला. विणण्याची मजुरी धरूनही तयार जोडीपेक्षा कमी पडतं आणि पुढे स्पोक तुटला तर तोच माणूस जवळ असतो. हबला 28 भोकं घ्यायची की 32, यावर इथे रिम कुठल्या मिळतात ते ठरेल. सामान लादून फिरायचं असल्याने माझा कल 32कडे आहे. रिम हातात आल्यावर तिचा स्पोकची टोकं जिथे पोचतात तिथला व्यास स्वतः मोजून मगच स्पोकची लांबी काढणार. पुढच्या नोंदीत ती मापं देईन, आणि कुणी सहा बोल्टने बसणाऱ्या रोटरऐवजी (ब्रेकच्या चकतीऐवजी) ती एकाच नटाने बसवणारा सेंटरलॉक हब वापरून लांब पल्ले केले असतील तर त्यांचा अनुभव मला हवा आहे.