शिवजन्मतिथीचा विभाग: काय झालं, काय बाकी

विकिपीडियावर इतिहासाचे लेख लिहिणाऱ्यांसाठी ही कामाची नोंद.

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेच्या वादात खरं तर तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची सरमिसळ हीच मोठी अडचण. साल 1627 की 1630, हा संशोधकांचा प्रश्न. जयंती 19 फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, हा उत्सवाचा. तिथे साल 1630 धरूनच वाद चालतो. तिसरा नुसता गणिताचा: 19 फेब्रुवारी ही ज्युलियन (जुन्या युरोपीय कालगणनेतली) तारीख, ग्रेगोरियन (आजची कालगणना) धरली तर 1 मार्च. तिथीने जयंती करणाऱ्यांना 1627 च्या गटात बसवणं हा त्यांच्यावर उघड अन्याय आहे. म्हणून आता तीन उपविभाग केलेत.

सालाचा उपविभाग पुरा झालाय. शके 1549 (इ.स. 1627) वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी उत्तरकालीन बखरींत येते आणि दीर्घकाळ तीच रूढ होती. एवढं तरी त्या बाजूचं नीट सांगायलाच हवं, 'काहींच्या मते' म्हणून वाटेला लावू नये. मात्र बखरींची संख्या मोजून पारडं जड करू नका. एक बखर दुसरीवरून उतरली असेल तर साक्षीदार एकच.

1630 च्या बाजूने टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेली जेधे शकावली (जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी), समकालीन कवींद्र परमानंदांचं शिवभारत हे संस्कृत काव्य आणि जोधपूरला सापडलेली कुंडली. शिवभारतात शक शब्दांत दिलाय: भू, बाण, प्राण, चंद्र, म्हणजे 1, 5, 5, 1. असे अंक एरवी उजवीकडून वाचायचे असतात. इथे कसेही वाचले तरी शके 1551, आणि त्यातला फाल्गुन 1630 मध्ये येतो. हा तपशील लेखात जरूर ठेवा, पुरावा कसा वाचतात ते वाचकाला थेट दिसतं.

शकावलीत जन्माचा वार शुक्रवार आहे. तारीख-रूपांतरक ग्रेगोरियनवर ठेवून 19 फेब्रुवारी 1630 टाकली की मंगळवार येतो आणि शकावलीच चुकली असं वाटतं. ज्युलियनवर ठेवा, शुक्रवारच येतो.

पुरावा असा एकीकडे झुकलेला असताना दोन्ही सालांना सारख्या ओळी देणं हीसुद्धा दिशाभूलच. माहितीचौकटीत 1630, खाली 1627 ची तळटीप. क्रियापदं मात्र दोघांना एकच: 'देते', 'नोंदवते'. एकाला 'दावा', दुसऱ्याला 'सिद्ध' नको. शासकीय सुट्टी 19 फेब्रुवारीला असते, हे वाक्य पुराव्यात न घालता उत्सवाच्या उपविभागात हलवलंय.

बाकी: तिथीवाल्यांची बाजू त्यांच्याच लेखनातून घ्यायची आहे. सध्याचा मजकूर त्यांच्या विरोधकांनी सांगितलेला आहे, त्यामुळे सण आपण पंचांगानेच करतो हा त्यांचा मुख्य मुद्दाच त्यात आलेला नाही.