तुम्ही विचारलंत म्हणून: लॉच्या पहिल्या वर्षाने सुट्टीत जायचं कुठे?

मार्च लागला की माझ्या मोबाइलवर ठरावीक मेसेज सुरू होतात. "मॅडम, लॉच्या फर्स्ट इयरला आहे. मे महिन्यात इंटर्नशिप करायची आहे. कुठे अप्लाय करू?" पाठोपाठ, "मेल कसा लिहायचा?" आणि मग जरा चाचरत, "काही पैसे मिळतात का?" मी सातारा जिल्ह्यात वकिली करते, मुख्यतः दिवाणी. विचारणाऱ्यांत नात्यातली मुलं असतात, पक्षकारांची असतात, कधी पूर्ण अनोळखीही. सगळ्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगते, ते इथे सलग लिहिते.

पैशांचं आधी. मिळत नाहीत, असंच धरून चला. जिल्हा-तालुक्याच्या कोर्टात पहिल्या वर्षाच्या मुलाला कुणी जाण्यायेण्याचा खर्च दिला तर तो त्या वकिलाचा चांगुलपणा. सुट्टीत खरोखरच कमवायची गरज असेल तर दुसरं काम बघा, त्यात कमीपणा नाही. मात्र घरबसल्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र देतो म्हणून जे तुमच्याकडूनच फी मागतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तो कागद हातात घेतला की समोरच्याला कळतं.

आता घाईचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे इंटर्नशिप लागते. कुठल्याही एका वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. आणि संपूर्ण शिक्षणात एकदा तरी ट्रायल कोर्टाच्या आणि अपिलाच्या वकिलाकडे काम केलेलं असावं लागतं. म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात सगळं उरकायचं नाहीये. वर्गातल्या कुणाला मुंबईच्या मोठ्या फर्मचं पत्र आलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. त्या फर्म बहुतेक करून वरच्या वर्षांची मुलं घेतात, त्यांचे अर्ज कित्येक महिने आधी भरलेले असतात, आणि पहिल्या वर्षात जो शिरतो त्याच्यामागे सहसा कुणीतरी काका-मामा असतो. हे कडू आहे, पण आहे.

खरी मेख वेगळीच आहे आणि ती कॉलेजात कुणी सांगत नाही. तुमची सुट्टी मे महिन्यात आणि कोर्टाची सुट्टीही मे महिन्यातच! मुंबई उच्च न्यायालय आणि जिल्ह्यातली दिवाणी न्यायालयं मेच्या सुरुवातीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साधारण बंद असतात. दिवाळीतही तीच गत. मुलं काळी पँट, पांढरा शर्ट इस्त्री करून येतात आणि आवारात चिटपाखरू नसतं. रिमांड आणि जामिनाचं तातडीचं काम तेवढं चालू असतं, कारण अटक केलेल्या माणसाला 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. त्याला सुट्टी नाही.

म्हणून माझा सल्ला असा: कॉलेजचं वेळापत्रक जुळत असेल तर मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचे तीन आठवडे मागा. कोर्ट बंद असताना ऑफिसात जे चालतं ते बघण्यासारखं असतं. मुदत कायदा 1963 चं कलम 4 वर्गात दोन मिनिटांत संपतं. दावा दाखल करायची मुदत कोर्ट बंद असताना संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी तो दाखल करता येतो, एवढंच ते कलम. प्रत्यक्षात त्या एका कलमापायी आमचा अख्खा मे जातो. वादपत्रं टाइप होतात, दस्तांच्या झेरॉक्सचे गठ्ठे लागतात, कोर्ट फीचा हिशोब होतो, आणि उघडल्या दिवशी फायलिंगच्या खिडकीशी ही झुंबड. एरवी तारखांच्या धबडग्यात मला कुणाला दोन वाक्यं समजावायला सवड नसते. मेमध्ये असते.

शिवाय महसूल न्यायालयं आहेत, ती पहिल्या वर्षाच्या कुणाच्या डोक्यातच नसतात. तहसीलदार आणि प्रांत यांच्यापुढची कामं दिवाणी कोर्टाच्या सुट्टीत थांबत नाहीत. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली अडवलेल्या रस्त्याच्या केसेस चालतात, आणि पेरणी तोंडावर आली की बांधावरची भांडणं तापलेली असतात. तहसीलदार स्थळपाहणीला निघाले की आमच्याबरोबर जीपमध्ये बसा. पंचनामा कसा होतो, दोन्ही बाजूंचे लोक एकाच वेळी कसे बोलतात, आणि नकाशावरची रेघ जमिनीवर सापडत कशी नाही, हे तिथे दिसतं.

ओळखीचं कुणीच नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विचारा. 1987 च्या कायद्याने ते स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, कोठडीतल्या माणसांना मोफत वकील देतं. कॉलेजच्या लीगल एड सेलचं पत्र बरोबर असेल तर बरं पडतं.

अपिलाची बाजू पुढच्या वर्षांसाठी ठेवा. त्यासाठी पूर्वी आमच्या भागातल्या मुलांना मुंबई गाठावी लागायची, राहण्याच्या खर्चानेच कंबर मोडायची. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या मुलांनी त्याचा फायदा घ्यावा.

आता मेल. मला येणाऱ्या मेलमधले निम्मे "रिस्पेक्टेड सर"ने सुरू होतात. मी बाई आहे हे नावावरून कळतं. म्हणजे तोच मेल गावभर गेलाय. पुढे न्यायाबद्दलच्या तळमळीवर दोन परिच्छेद. ते मी वाचत नाही. मला हवं ते एवढंच: "मी कराडची. तीन वर्षांच्या एलएलबीच्या पहिल्या वर्षात आहे. 25 मे ते 20 जून रोज येऊ शकते. कराराचा आणि फौजदारी कायदा शिकून झालाय. युनिकोड मराठी टायपिंग येतं, सातबारा वाचता येतो. बायोडेटा जोडलाय." खाली फोन नंबर. बायोडेटा एक पान. शाळेतल्या रांगोळी स्पर्धेचं बक्षीस काढून टाका, पण दुकानात हिशोब लिहिले असतील तर जरूर लिहा.

मराठीचं मी मुद्दाम लिहिलं. आमच्याकडे खालच्या कोर्टाचं कामकाज मराठीत चालतं. फिर्याद, जबाब, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद), कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), सगळं मराठी. इंग्रजी माध्यमातून आलेली हुशार मुलं जुन्या फेरफारापुढे अडखळतात आणि गावाकडची मुलगी तो घडाघडा वाचते. तरी तीच मुलगी अर्जात "माझं इंग्लिश वीक आहे" असं माफी मागितल्यासारखं लिहिते. कशाला?

मेलला उत्तर आलं नाही तर आठवड्याने फोन करा, नाहीतर संध्याकाळी सहानंतर सरळ ऑफिसात या. सकाळी अकराच्या आत कुठल्याही वकिलाला गाठू नका. तेव्हा त्याच्या डोक्यात बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी असते. आईवडिलांना बरोबर आणलंत तरी चालेल, फक्त बोला तुम्ही.

आल्यावर पहिले काही दिवस कंटाळवाणे जातील. फायली लावा, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर) टाकून पुढच्या तारखा काढा, रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचा. आमच्या कारकुनाशी जमवून घ्या, नक्कल कुठे मिळते आणि बेलिफ (कोर्टाची समन्सं-नोटिसा पोचवणारा कर्मचारी) कधी भेटतो हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. फौजदारी फाइल हातात आली की आधी घटनेची तारीख बघा: 1 जुलै 2024 च्या आधीचा गुन्हा असेल तर भारतीय दंड संहिता, त्या दिवशीचा किंवा नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता. तुम्ही नवीन कायदा शिकताय, कोर्टात अजून बरीच वर्षं दोन्ही दिसतील.

गाऊन आणि बँड घालू नका, ते सनद, म्हणजे वकिलीचा परवाना मिळालेल्यांचं. पक्षकाराच्या कागदाचा फोटो स्टेटसला टाकलात तर त्याच दिवशी घरी पाठवीन. आणि प्रमाणपत्र मिळतं का, असंही विचारता: मिळतं. रोज काय केलंत त्याची वही ठेवा, शेवटच्या दिवशी ती माझ्यापुढे ठेवा. तीत जेवढं असेल तेवढंच प्रमाणपत्रात लिहून देईन.