खांबाची कंबर

"किती फूट देऊ?"

"सव्वादहा."

"गावाला पाणी न्यायचंय का, ताई?"

"नाही, कमरेला हवाय."

हार्डवेअरवाल्याने करवत थांबवली, माझ्या कमरेकडे बघायचं सभ्यपणे टाळलं आणि काळ्या पाइपच्या वेटोळ्यातून सव्वादहा फूट कापून दिला. पाऊण इंची, शेतात पाण्याला वापरतात तोच. जन्मच वेटोळ्यात गेल्यामुळे या पाइपला गोल हो म्हणून सांगावं लागत नाही. घरी येऊन त्याची टोकं उकळत्या पाण्यात मऊ केली (आईच्या चहाच्या पातेल्यात, त्यावरून जे व्हायचं ते झालं), आत जोडणीचा तुकडा ठोकला, वरून कापडी चिकटपट्टी गुंडाळली. कमरेभोवती फिरवायचा, एक मीटर व्यासाचा हूप तयार. खेळण्यांच्या दुकानातली गुलाबी रिंग मी आधी आणून पाहिली होती. ती कमरेवर यायच्या आत पायाशी असायची. रिंग जितकी मोठी आणि जड, तितकी ती सावकाश फिरते आणि आपल्याला सावरायला वेळ देते. मला इतके दिवस वाटायचं की नवशिक्याने छोटीपासून सुरुवात करावी.

हूपची गरज पडली ती पोलमुळे. तीन वर्षं झाली, दादरहून आठवड्यातून दोनदा अंधेरीला मी पोल डान्स शिकायला जाते. वय 43, नोकरी बँकेत. परिणाम एवढाच झाला आहे की लेडीज डब्यातला मधला खांब धरला की हात आपोआप त्याची जाडी मोजतो. आमचा पोल 45 मिलिमीटरचा, स्टीलचा. क्लासच्या आधी तो स्पिरिटने पुसायचा, त्या दिवशी अंगाला क्रीम लावायचं नाही, आणि चड्डी आखूडच घालायची. कारण मांडीची, गुडघ्यामागची, काखेतली उघडी कातडी हीच तिथली पकड. लेगिंग घालून चढायला जा, देवाच्या पालखीसारखे संथपणे खाली याल. हे आईला पटवायला मला सहा महिने लागले. मांड्यांवरचे निळे-हिरवे डाग पटवायला अजून लागताहेत.

आईचा मूळ आक्षेप कपड्यांवर नाहीच. "खांबच हवा होता, तर समोर शिवाजी पार्कात मल्लखांब होता की. तेव्हा नाही गेलीस." यावर माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवं रूप दिलं, त्या खांबावर पोरं संध्याकाळी सलामी देऊन उड्या घेताना मी अख्खं बालपण कठड्यावर बसून भेळ खात पाहिली. 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीही त्याच मैदानात. तेव्हाही मी प्रेक्षकांतच होते.

तर हूप. झालं असं, की माझ्या दोन्ही तळहातांची सालं निघाली आणि उजवा खांदा कुरकुरायला लागला. आमची ट्रेनर माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. ती म्हणाली, "पंधरा दिवस हातांना सुट्टी दे. हूप कर. तू सगळंच घट्ट धरतेस, कंबर पण." शेवटचं वाक्य मला लागलं. कारण गेली तीन वर्षं तीच मला "पोट आत, कंबर घट्ट, सैल सोडू नकोस" असं ओरडून सांगत होती.

पहिला आठवडा रिंग फिरवण्यापेक्षा ती उचलण्यातच गेला. बैठकीच्या खोलीत टीपॉय भिंतीला लावून मी उभी राहायची, रिंग पाठीला टेकवून जोरात भिरकवायची, कंबर गरागरा फिरवायची, आणि तिसऱ्या फेरीला ती फरशीवर. आवाज असा की खालचे काका दुसऱ्या दिवशी वर आले. तक्रार नव्हती, चौकशी होती: "रोज काय पडतं हो?" आता खाली सतरंजी असते.

चूक मला फोनवर स्वतःचं चित्रीकरण पाहिल्यावर कळली. रिंग गोल फिरते म्हणून कंबरही गोल फिरवायची, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. एक पाय थोडा पुढे ठेवायचा आणि फक्त पुढे-मागे ढकलायचं. रिंग पोटाला टेकली की एक धक्का, पाठीला टेकली की दुसरा. गोल फिरण्याचं काम रिंगचं, आपलं काम तिला वेळेवर धक्का देण्याचं. झोपाळ्यावरच्या पोराला झोका देताना आपण कुठे त्याच्याबरोबर पळतो? हे समजल्यावर त्याच संध्याकाळी सतरा फेऱ्या झाल्या.

मग मी वाचत सुटले, माझी जुनी खोड. कॅलिफोर्नियातल्या व्हॅम-ओ कंपनीने 1958 मध्ये प्लॅस्टिकचे हुला हूप बाजारात आणले आणि काही महिन्यांत अडीच कोटी विकले. कल्पना ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलांच्या बांबूच्या रिंगांवरून सुचलेली, नाव हवाईच्या हुला नाचावरून घेतलेलं. आपल्याकडे 2020 मध्ये दिल्लीच्या एश्ना कुट्टीचा साडी आणि बूट घालून हूप फिरवतानाचा व्हिडिओ इतका फिरला की तो मला तीन वेगवेगळ्या मावश्यांकडून आला. आईने तेव्हाही संधी सोडली नव्हती: "बघ, ती अख्खी साडी नेसून करते."

पण मला खरं गुंतवलं ते न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गणितज्ञांनी. रिंग फिरत असताना खाली का पडत नाही, हा प्रश्न घेऊन त्यांनी माणसाच्या एक दशांश आकाराचे वेगवेगळ्या घडणीचे ठोकळे थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतले, यंत्रावर बसवून हलवले आणि त्यांच्यावर रिंगा सोडल्या. 2025 च्या सुरुवातीला ते सगळीकडे छापून आलं. सरळ नळकांड्यावर रिंग फिरते, पण घसरत खाली जाते. शंकूवर ती एक तर वर सरकते नाही तर खाली. टिकते ती डमरूसारख्या आकारावर. खाली उतार हवा, म्हणजे नितंब, आणि वर आत वळलेला बाक हवा, म्हणजे कंबर. चाळिशीनंतर माझ्या नितंबांबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं हे पहिलंच उदाहरण, त्यामुळे मी ते दोनदा वाचलं.

आणि मग थांबले. कारण तोवर मी एक सोयीस्कर कल्पना करून घेतली होती. पोलवर मी खांबाभोवती फिरते, हूपमध्ये मी खांब होते आणि रिंग माझ्याभोवती फिरते. फार छान जुळत होतं, मैत्रिणींना ऐकवूनही झालं होतं. पण सरळसोट खांबावर रिंग टिकतच नाही! आमचा पोल म्हणजे शुद्ध नळकांडं. त्याच्यावर रिंग काय, मीसुद्धा कातडीच्या जोरावरच टिकते. मी तीन वर्षं ज्याच्यासारखी ताठ, घट्ट, सरळ व्हायला शिकत होते, तेच नेमकं रिंगला चालत नव्हतं.

त्या संध्याकाळी पार्कातून येताना मी मल्लखांबापाशी थांबले. पोरं एरंडेल लावत होती. खांब खाली जाड, वर निमुळता होत गेलेला; मग बारीक मान, आणि तिच्यावर फुगीर बोंड. अंग, मान, बोंड, ही नावं मला लहानपणापासून पाठ आहेत. पण पहिल्यांदाच दिसलं की मानेच्या खाली उतार आहे, वर फुगवटा आहे, मधे बाक आहे. मल्लखांबाला कंबर आहे! गणितज्ञांच्या यंत्रावर बसवून हलवला, तर त्याच्या मानेत रिंग बहुधा फिरेल. मास्तरांना हे सांगावंसं फार वाटलं. पण आखूड चड्डीतल्या, निळ्या मांड्यांच्या बाईने व्यायामशाळेच्या मास्तरांना जाऊन "तुमच्या मल्लखांबाला कंबर आहे" म्हणावं, ही वेळ मी टाळली.

हूपमुळे पोल सुधारला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पंधरा दिवसांनी परत गेले तेव्हा तळहात भरून आले होते, खांदा शांत होता, हे विश्रांतीमुळेही झालं असेल. एक फरक मात्र नक्की. पोलवर उलटं होताना मी सगळं वजन खांद्यांनी ओढायची. आता बरगड्यांखालून काहीतरी आधी हलतं, मग पाय वर जातात. ट्रेनर नुसतं "हं" म्हणाली. तिचं "हं" म्हणजे बँकेतली बढती.

हल्ली बाजारात एक रिंग मिळते, ती कमरेला पट्ट्यासारखी कुलूपबंद होते आणि दोरीला बांधलेला गोळा तेवढा फिरत राहतो. ती पडत नाही अशी तिची जाहिरात असते. पडायचीच नसेल तर शिकायचं काय, हे मला समजत नाही. घ्यायची त्यांनी घ्यावी. खालच्या काकांनी तर नक्की घेऊन द्यावी.

सध्या भांडण डाव्या बाजूशी आहे. पोलवर प्रत्येकीची एक लाडकी बाजू असते आणि एक सावत्र. हूपचंही तसंच, माझी रिंग घड्याळाच्या उलट दिशेने कितीही वेळ फिरते. मी त्यात केस बांधते, फोन घेते. दिशा बदलली की मी पुन्हा पहिल्या दिवसावर. ट्रेनर म्हणते, एकाच बाजूने फिरवत राहिलीस तर खांद्यासारखीच कंबरही एका बाजूने कुरकुरेल. म्हणून रोज संध्याकाळी कुकर लागला की दहा मिनिटं ही न जमणारी दिशा.

आई स्वयंपाकघरातून बघत नाही. तिला आवाजावरून समजतं. सतरंजीवर धप्प झालं की फोडणीच्या वरून तिचा आवाज येतो.

"चार."

"पाच झाल्या, आई."

"पाचवी अर्धीच होती. पुन्हा कर."

मी रिंग उचलते.