केप कोस्टची नाना जेन

घानातल्या केप कोस्टच्या किल्ल्याच्या त्या दारातून बाहेर पडले आणि क्षणभर डोळ्यांपुढे काही दिसेचना. आत तळघरांत जवळजवळ तास गेला होता. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. भिंतीत उंचावर एखादा झरोका, बाकी काळोख. वाटाड्याने पायाखाली बॅटरी मारून दाखवली: ही नुसती फरशी नाही, वर्षानुवर्षं इथे गुलाम म्हणून कोंडलेल्या माणसांची घाण साठून साठून हा थर घट्ट झालाय. पुरुषांच्या तळघराच्या बरोबर डोक्यावर इंग्रजांचं प्रार्थनाघर होतं. हे ऐकल्यावर मी काही विचारूच शकले नाही.

आणि मग ते दार. आतल्या बाजूने त्यावर लिहिलंय, ‘इथून परत येणं नाही’. इथून माणसं होड्यांत चढवायची, पुढे जहाजात, पुढे अमेरिका. बाहेरच्या बाजूला मात्र पाटी आहे, ‘परतीचं दार’. १९९८ मध्ये जमैकातून आणि अमेरिकेतून गुलामगिरीत मेलेल्या दोघांचे अवशेष आणले, ते याच दारातून आत घेतले.

दाराबाहेर उभी राहिले तर समोर चक्क रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं! दोन रांगा करून माणसं दोर ओढतायत, एकजण सूर धरतोय, बाकीचे त्यावर ओढ घेतायत, बायका टोपल्या घेऊन वाळूत बसून आहेत. मी मालवणची. डोळे मिटले असते तर मला घरीच असल्यासारखं वाटलं असतं. इतक्या भयंकर भिंतीला पाठ टेकून माणसं जाळी विणतायत, मुलं पाण्यात उड्या मारतायत. मी बराच वेळ तिथेच वाळूत बसले.

खरं तर मला केप कोस्टला आणलं ते एका बाईच्या नावाने. माझा भाऊ टेमाला बंदराजवळ नोकरीला आहे. २०२५ च्या जानेवारीत मी त्याच्याकडे होते. ७ जानेवारीला राजधानी अक्राच्या ब्लॅक स्टार चौकात शपथविधी झाला आणि आमच्या वहिनीच्या शेजारणी, समोरच्या शिवणकामाच्या दुकानातल्या मुली, सगळ्या आमच्याकडे टीव्हीपुढे जमल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन महामा यांच्यासाठी टाळ्या पडल्याच. पण जेन नाना ओपोकु-अज्येमांग शपथ घ्यायला उभ्या राहिल्या तेव्हा शिवणकाम शिकणारी एक मुलगी अक्षरशः रडायला लागली. घानाच्या पहिल्या स्त्री उपराष्ट्राध्यक्ष. देश १९५७ मध्ये स्वतंत्र झाला, म्हणजे या दिवसाला सदुसष्ट वर्षं लागली.

सगळे त्यांना ‘नाना जेन’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘प्रोफ’. आपल्याकडे नाना म्हणजे घरातले वडीलधारे गृहस्थ, त्यामुळे माझ्या कानाला ते सुरुवातीला वेगळंच वाटे. इथल्या अकान भाषांत नाना म्हणजे आजी-आजोबा, थोर माणूस, गावचा राजासुद्धा. मान तोच, फक्त बाईलाही लागतो. मी स्वतः मुलींच्या शाळेत तेवीस वर्षं शिकवते. उपराष्ट्राध्यक्ष झालेली बाई आयुष्यभर शिक्षिका होती हे कळल्यावर तिचं गाव बघायचंच असं मी ठरवलं.

अक्रातल्या कनेशीच्या स्थानकावरून ट्रोट्रो पकडली. ट्रोट्रो म्हणजे आपली वडाप. ‘मेट’, म्हणजे कंडक्टर, दारात लटकून ‘केप, केप, केप!’ ओरडत असतो आणि शेवटची सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. कासोआला गर्दीत पाऊण तास गेला. पुढे रस्ता मोकळा, अधूनमधून डाव्या हाताला माडांतून समुद्र. दीडशेच्या आसपास किलोमीटर, पण मला चार तास लागले.

नाना जेन यांचा जन्म इथलाच, २२ नोव्हेंबर १९५१ चा. तेव्हा हा देश गोल्ड कोस्ट नावाची इंग्रजांची वसाहत होता. १८७७ मध्ये राजधानी अक्राला नेईपर्यंत इंग्रजांचा कारभार याच गावातून चाले. राजधानी गेली, पण शाळा राहिल्या. ज्या किल्ल्यातून माणसं विकली गेली त्याच किल्ल्यात अठराव्या शतकात फिलिप क्वाक या इथल्याच पाद्र्याने मुलांना शिकवलं. त्याची कबर किल्ल्याच्या अंगणात आहे. आज या एवढ्याशा गावात नावाजलेल्या शाळाच शाळा. पुढे संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झालेले कोफी अन्नान शिकले ते म्फान्त्सिपिम इथलंच. आणि मुलींसाठी वेस्ली गर्ल्स, जिला अख्खा देश लाडाने ‘वे गे हे’ म्हणतो.

नाना जेन याच शाळेच्या. मी फाटकापर्यंत गेले. वसतिगृहाची शाळा, आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आतून मुलींचा एकसुरात काहीतरी म्हणण्याचा आवाज येत होता. फाटकाशी दोघीजणी सामान न्यायला आल्या होत्या, केस अगदी बारीक कापलेले. इथे शाळकरी मुलींना केस वाढवू देत नाहीत. लांब वेण्यांच्या मुलींना शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी त्या दोघींची चाल बघताना वाटलं, माझ्याच वर्गातल्या आहेत.

शाळेनंतर केप कोस्ट विद्यापीठ. हे विद्यापीठ १९६२ मध्ये निघालं तेच मुळी माध्यमिक शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून. तिथून फ्रेंच आणि इंग्रजी घेऊन १९७७ मध्ये त्यांनी पदवी घेतली. फ्रेंच का, हे नकाशा बघितला की कळतं: घानाच्या तिन्ही बाजूंना फ्रेंच चालणारे देश, चौथ्या बाजूला समुद्र. सेनेगलमधल्या डाकारला जाऊन फ्रेंचचा पुढचा अभ्यास केला, मग टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातून एमए आणि १९८६ मध्ये डॉक्टरेट. आणि परत आल्या. किल्ल्याच्या त्या दाराशी मला हीच गोष्ट सारखी आठवत होती. याच किनाऱ्यावरून साखळदंडात माणसं नेली, त्यांच्या वंशजांचं साहित्य आणि इथल्या बायकांच्या तोंडी असलेल्या कथा हा या बाईने अभ्यासाचा विषय केला. स्वतःच्या पायाने समुद्र ओलांडला आणि त्याच गावात शिकवायला परतली. २००८ मध्ये त्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, घानाच्या सरकारी विद्यापीठातली पहिली स्त्री कुलगुरू.

राजकारण त्यानंतरचं. २०१३ मध्ये, तेव्हाही राष्ट्राध्यक्ष असलेल्या महामांनी त्यांना शिक्षणमंत्री केलं. त्या चार वर्षांत वस्तीजवळच्या माध्यमिक शाळा बांधायला घेतल्या, आणि एक अप्रिय निर्णयही झाला: शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांचा मासिक भत्ता बंद करून कर्जाची सोय आणली. त्यावर रान पेटलं. पुढच्या सरकारने भत्ता पुन्हा सुरू केला. माझं मत विचाराल तर भत्ता काढायला नको होता. गरीब घरातली मुलगी डीएड करते ती त्या चार पैशांच्या भरवशावर, हे मी जवळून पाहिलंय. पण भत्ता होता म्हणून प्रवेशांवर मर्यादा होती, आणि शाळांना माणसं कमी पडत होती, हेही खरं. त्या खुर्चीतलं दुखणं मला कळतं.

२०२० मध्ये महामांनी त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं तेव्हा मोठ्या पक्षाने बाईला ही जागा देण्याची पहिलीच वेळ होती. ती निवडणूक हरले. २०२४ मध्ये पुन्हा तीच जोडी, आणि ७ डिसेंबरला ५६ टक्क्यांहून जास्त मतं. घानात या पदासाठी वेगळं मतदान नसतं, जोडी एकत्र निवडून येते. पण पद शोभेचं नाही. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष अटा मिल्स गेले त्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्षाने शपथ घेतली, आणि ते होते महामाच.

याआधी बायका नव्हत्या असं नाही. मेबल डव्ह १९५४ मध्येच विधिमंडळावर निवडून आल्या होत्या. १९६० मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या काळात खास कायदा करून दहा स्त्रियांना संसदेत आणलं. तरी २०२४ च्या निवडणुकीत २७६ जागांत बायका ४१. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा राखीव झाल्या तेव्हा माझी मावशी सरपंच झाली. पहिली दोन वर्षं सह्या तिच्या आणि बोलणं काकांचं; तिसऱ्या वर्षी ती स्वतः बोलायला लागली ती थांबलीच नाही. म्हणून घानाच्या २०२४ च्या नव्या समानता कायद्याबद्दल मला फार आस्था आहे. २०३० पर्यंत निर्णयाच्या पदांत बायकांना निम्मा वाटा, असं त्यात म्हटलंय.

कोटोकुराबा बाजारात केंकी घेतली. आंबवलेलं मक्याचं पीठ, केळीच्या जातीच्याच झाडाच्या वाळल्या पानात बांधून शिजवलेलं. सोडताना जो वास आला तो आपल्या पानगीचा. सोबत तळलेला मासा आणि शिटो नावाची काळी तिखट चटणी. विकणाऱ्या मावशींनी विचारलं, तुझा जन्म कोणत्या वारी? शुक्रवारी म्हटल्यावर म्हणाल्या, मग तू एफुआ. दुसऱ्या पानाचे पैसे घेतले नाहीत.

परतीच्या ट्रोट्रोत काळोख पडला. शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी आजीला टेकून बसली होती, मांडीवर वही. गाडीच्या हिसक्यांत ती पुटपुटत होती, ज्य स्वी, त्यू ए, इल ए. फ्रेंचचा धडा. मी मोबाइलचा उजेड तिच्या वहीवर धरला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढची ओळ म्हणायला लागली. मांकेसिमला त्या उतरेपर्यंत मी उजेड धरून होते.