बोलता येतंय ना, मग कशाला आलात?

योजनेचं काम सुरळीत झालं, त्यावर फार लिहीत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र असतो. त्याला रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट दिले, मंजुरी आली, मामांच्या (माझ्या सासऱ्यांच्या) गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. मग रेडिएशन. सोमवार ते शुक्रवार रोज, असे सहा-सात आठवडे. आम्ही लांबचे, सेलूचे, म्हणून दवाखान्याजवळ खोली घेतली.

डोकं फिरलं ते एका चिठ्ठीपायी. रेडिएशन सुरू झाल्यावर मामांना गिळताना ठसका लागायला लागला. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिलं, स्पीच थेरपिस्टला (बोलण्याचे आणि गिळण्याचेही व्यायाम शिकवतात त्यांना) दाखवा. खिडकीवरच्या माणसानं कागद बघितला, मामांना नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. झालं! "हे तर चांगले बोलायलेत की. मग स्पीच थेरपी कशाला? ते बहिऱ्या लेकरांसाठी, नाहीतर स्वरयंत्र काढलेल्यांसाठी असतंय."

मी म्हटलं, दादा, बोलण्यासाठी नाही, गिळण्यासाठी पाठवलंय. तर म्हणे, गिळायचं काम कान-नाक-घशाकडं. कान-नाक-घशात गर्दीत उभं राहिल्यावर कळलं, हे त्यांच्याकडं नाही, जिथून आलात तिथंच जा. परत खिडकीवर आलो, तर स्पीच थेरपीच्या मॅडम ठरावीक दुपारीच बसतात, आणि नेमकी तीच वेळ मामांच्या रेडिएशनची. नंबर बदलून द्या म्हटलं तर मशीनवाले म्हणतात आधी तिकडून लिहून आणा, आणि तिकडचे म्हणतात आधी मशीनवाल्यांना विचारा. तोंड आलेला, नाकात नळी घातलेला म्हातारा माणूस बाकड्यावर बसलाय आणि मी कागद घेऊन या टोकाची त्या टोकाला. भिंतीभर तंबाखूचे फलक, सडलेल्या तोंडांचे फोटो. पण गिळण्याचे व्यायाम कुठल्या खोलीत शिकवतात, याची एक पाटी नाही.

शेवटी एका आयांनी सांगितलं, समाजसेवा अधीक्षकांना भेटा. हे पद सरकारी दवाखान्यात असतं हेही कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन फोन लावले आणि रेडिएशनचा नंबर सकाळचा झाला.

स्पीच थेरपीच्या मॅडम मात्र सोन्यासारख्या. मामांना शांतपणे तपासलं, हनुवटी छातीकडं झुकवून घोट कसा घ्यायचा ते दाखवलं. मग मलाच विचारलं, "रेडिएशनच्या आधी का नाही आलात?" काय सांगणार! रेडिएशननं गळ्याचे, जबड्याचे स्नायू आखडत जातात, नळी असली तरी गिळण्याचा सराव बंद पडू द्यायचा नसतो, आणि चुकीच्या वाटेनं गेलेला घास फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून सुरुवात आधीच करायची असते.

तेव्हा डॉक्टरांकडून केसपेपरवर नुसतं 'स्पीच' नको, 'गिळण्याची तपासणी व व्यायाम' असं लिहून घ्या. आणि समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटा.

दातांचं राहिलंच. किडलेले दात रेडिएशनच्या आधी काढायचे, जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यायचे. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून येत नाही, अशी भीती असते.

तोंड उघडण्याचा व्यायाम आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांवर केला. काड्यांची चळत दातांत धरायची, हळूहळू एकेक वाढवायची. साधारणपणे उघडलेल्या तोंडात तीन बोटं आत जावीत. तोंड आल्यावर मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या. नाकातल्या नळीतून जेवण देताना रुग्णाला बसवूनच द्या, नंतर निदान अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. आहारतज्ज्ञ बाईंनी अंडी, डाळ, दूध यांचं वेळापत्रक दिलं; वजन घटू द्यायचं नाही यावर त्यांचा सगळा जोर.

हो, रेल्वे! उपचारासाठी जाण्यायेण्याला स्लीपरमध्ये कॅन्सरच्या रुग्णाला तिकीट माफ, सोबतच्या एकाला पाऊण सवलत. रेल्वेचा ठरलेला फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्क्यानिशी भरून घ्यायचा आणि खिडकीवरच तिकीट काढायचं. मोबाईलवर ही सवलत मिळत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच, त्यामुळं मधल्या घरच्या फेऱ्या मीच केल्या.

तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे. मी तो दिराला दिला. त्यानं सेव्ह केलाय, पुडी अजून चालूच आहे.