स्वतःच्याच तीनशे डॉलरची उधारी

इथे अमेरिकेतली माझी शेजारीण काल चहा पिता पिता सहज बोलून गेली, गेल्या वर्षी मी दिवाळखोरी जाहीर केली. म्हणजे दाढ काढून आल्यासारखं! आमच्या कोकणात, केळशीत हा शब्द फक्त शिवी म्हणून वापरतात.

तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनची बिलं क्रेडिट कार्डांवर गेली, कार्डं फुगली, शेवटी चॅप्टर ७, म्हणजे इथल्या कायद्यातली कर्जातून सोडवणारी दिवाळखोरी. अर्ज कोर्टात पडला की वसुलीवाल्यांचे फोन कायद्यानेच बंद, हे मला फार आवडलं हां. चारेक महिन्यांत मोकळी झाली, पण क्रेडिट रिपोर्टवर नोंद १० वर्षं राहणार.

मला वाटलेलं घरखर्च निम्मा झाला असेल, तर किराणा तसाच. उलट कार्डांचे हप्ते गेल्याने हातात जरा जास्तच उरतात. आटलं ते मोठं सगळं, सोफा, ट्रिप, मुलाचे दात, कारण गाडी बंद पडली तर पुढे करायला कार्डच नाही, म्हणून पगारातले आधी डब्यात टाकते आणि मग उरेल त्यात. त्यात बँकांनी हात आखडले की पहिलं दार हिच्यासारख्यांचंच बंद.

आणि पत पुन्हा उभी करायला मिळतं ते सिक्युअर्ड कार्ड! बँकेत आपण ३०० डॉलर अनामत ठेवायचे, मग बँक आपल्याला ३०० डॉलरची लिमिट देणार, वेळेवर नाही भरलं तर त्यावर व्याज लावणार आणि बुडवलं तर अनामत गिळणार. म्हणजे पैसे आपले, उधारी आपली, आणि उपकार बँकेचे? मी तिला दोनदा विचारलं, वाटलं माझंच इंग्रजी कमी पडतंय.

मग मी जरा ऐटीतच सांगितलं, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची पोफळीची वाडी आडवी झाली, पोफळ नवीन लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं, डोक्यावर पतपेढीचं कर्ज, तरी वाण्याने वही बंद केली नाही, "सावकाश द्या हो अण्णा" म्हणाला. कसली अनामत नि कसलं काय.

ती म्हणाली, मग कर्ज माफ झालं का?

नाही झालं. आईच्या पाटल्या गेल्या, आणि पतपेढीचा सेक्रेटरी दिसू नये म्हणून अण्णा कितीतरी दिवस देवळाकडून न जाता मागच्या पाखाडीने जायचे. हे तिला नाही सांगितलं. मी जमेल तेवढं पाठवत होते, आणि तेव्हा फ्लाइटच बंद होत्या, नाहीतर आले असते.

गावात कोणी विचारलं तर आई अजून सांगते, पाटल्या लॉकरात आहेत.